सरांची काही तक्रार नाही

माझ्या बाथरूममधला नळ गळत होता आणि माझ्या घरमालकांच्या मते तो गळत नव्हता. आमची ओळख इथून सुरू झाली.

कर्वेनगरातल्या त्यांच्या छोट्या बंगल्याचा वरचा मजला मी भाड्यानं घेतला होता. अकोल्याहून येऊन पुण्यात नोकरीला लागलो होतो, जागा शोधता शोधता जीव मेटाकुटीला आला होता, त्यामुळे पहिल्याच सकाळी तक्रार घेऊन खाली जाताना मी जमेल तेवढी नम्रता गोळा केली होती. ते व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. पेपर खाली न घेता त्यांनी विचारलं, "पाणी येतंय का?" मी म्हटलं, येतंय, बंद केला तरी येतंय, तोच तर त्रास आहे. "म्हणजे नळ उत्तम आहे," ते म्हणाले आणि पान उलटलं. संध्याकाळी परत आलो तर नळाखाली एक निळी बादली ठेवलेली होती. त्यानंतर रोज सकाळी ती बादली खालच्या झाडांना ओतायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी ते निमूटपणे केलं.

खरं कारण मला काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, पुढं कधीतरी सांगितलं. नळ बसवणारा प्लंबर सरांचा माजी विद्यार्थी होता.

सगळं जग त्यांना सरच म्हणायचं. सदाशिव पेठेतल्या एका शाळेत त्यांनी जन्मभर भूमिती शिकवली. वर्गात ते भयंकर असले पाहिजेत. मला भेटलेला त्यांचा प्रत्येक विद्यार्थी, मग तो बँकेतला मॅनेजर असो की रिक्षावाला, त्यांचं नाव निघालं की आधी पाठ ताठ करायचा आणि मग हसायचा. एखाद्याची सिद्धता चुकली की सर त्याला ती फळ्यापाशी उभं राहून सगळ्या वर्गाला वाचून दाखवायला लावत, आणि चूक कुठं झाली हे त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगेपर्यंत जागेवर बसू देत नसत. पण मुलगा शाळेतून बाहेर पडला की सरांच्या लेखी त्याच्या हातून चूक होणं कायमचं बंद झालं. त्यानं काहीही केलं तरी ते उत्तम. आणि घरातली झाडून सगळी कामं अशा उत्तम लोकांकडेच जात. बाहेरच्या कारागिराला फाटकाच्या आत प्रवेश नव्हता.

परिणामी त्या घरातलं काहीही धड चालत नव्हतं. पुढचा दरवाजा खांद्यानं उचलून लावावा लागे. स्वयंपाकघरातल्या ओट्याचा उतार उलटा होता, त्यामुळे पाणी मोरीकडे जायच्या ऐवजी गॅसकडे यायचं आणि काकू दिवसभर फडकं घेऊन उभ्या. सरांचा चष्मा एका विद्यार्थ्यानं केलेला होता, म्हणून ते मान डावीकडे कलती करून वाचायचे. स्कूटर दुसऱ्यानं दुरुस्त केली होती, म्हणून चौकात ते दोन्ही पाय जमिनीवर घासत थांबायचे. कोणी सुचवलं की ब्रेक एकदा दाखवून घ्या, तर म्हणायचे, "ब्रेक उत्तम आहेत. रस्त्याला उतार आहे."

मी कात्रजच्या पुढे एका पंपांच्या कारखान्यात तक्रार विभागात काम करतो. दिवसभर लोकांचा आरडाओरडा ऐकणं हा माझा धंदा. पंपातून आवाज येतोय म्हणून पहिल्या दिवशी फोन करणारा माणूस कितीही वाईट बोलला तरी मला परवडतो, कारण त्याचा पंप वाचतो. महिनाभर आवाज सहन करून मग येणाऱ्यापुढं माझाही इलाज नसतो. हे मी सरांना एकदा समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी कलत्या मानेनं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो अकोलेकर, तुमचे पंप तुमचे विद्यार्थी नाहीत." माझं आडनाव अकोलेकर नाही. हेही मी अनेकदा सांगून बघितलं होतं.

तर अशा माणसाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला.

इतरांच्या घरी या बातमीनं काय होतं ते मला माहीत आहे. आमच्या घरी काकू देवासमोर बसून राहिल्या आणि सर फोनवर नातेवाइकांना जवळजवळ अभिमानानं सांगत सुटले की ऑपरेशन त्यांचा विद्यार्थी करणार आहे. गावातल्या मोठ्या हॉस्पिटलात कॅन्सरच्या शस्त्रक्रियांचा तो विभागप्रमुख आहे, आणि भूमितीत तसा बरा होता. त्यांच्या तोंडून "तसा बरा" म्हणजे काय चीज आहे, हे ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे अशी त्यांची अपेक्षा असे.

माझ्याकडे तेव्हा जुनी का होईना गाडी होती, म्हणून पहिल्या भेटीला मीच त्या दोघांना घेऊन गेलो. डॉक्टर पन्नाशीचे, केस पांढरे, बाहेर पेशंटांची ही गर्दी. आणि सर आत गेल्याबरोबर ते खुर्चीवरून ताडकन उठून उभे राहिले. सरांनी हातानं "बस" म्हटल्यावरच बसले. मग त्यांनी कागदावर आतडं काढून दाखवलं, इथून इथपर्यंतचा तुकडा काढायचा, ही दोन टोकं एकमेकांना जोडायची. सरांनी प्रमाण चुकलंय म्हणून त्यांना आकृती पुन्हा काढायला लावली. विभागप्रमुखांनी ती पुन्हा काढली. मला तिथंच कपाळाला हात लावावासा वाटला.

त्यानंतर डॉक्टर जे बोलले ते मात्र मी नीट लक्षात ठेवलं. ऑपरेशन पार पडलं म्हणजे काम झालं असं समजू नका, ते म्हणाले. खरी परीक्षा नंतरच्या दिवसांत असते. काही जणांचा हा जोड गळतो. कितीही चांगला शिवला तरी गळू शकतो. ताप आला, पोट फुगलं, दुखणं वाढलं, जेवण नकोसं झालं, नुसतं काहीतरी बिनसल्यासारखं वाटलं, तरी लगेच कळवायचं. वेळेवर कळलं तर आम्हाला पुष्कळ काही करता येतं. उशीर झाला तर माणूस खचतो, पुढची केमो लांबते, आणि केमो लांबली की आजाराला मोकळं रान मिळतं. सरांनी मान डोलावली. मला वाटलं, समजलं. मी मूर्ख होतो.

ऑपरेशन छान झालं. सर हॉस्पिटलात शहाण्यासारखे वागले, म्हणजे त्यांच्या मानानं. राउंडला येणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांना त्यांनी पलंगाच्या उशाकडच्या भागाचा कोन किती अंशांचा आहे ते विचारलं आणि दोघांना चुकीच्या उत्तराबद्दल परत पाठवलं. जोड धरल्यासारखा दिसत होता, थोडंथोडं खाणं सुरू झालं होतं, म्हणून घरी सोडलं. डॉक्टर स्वतः लिफ्टपर्यंत आले. कसलीही तक्रार असली तरी फोन करा सर, असं पुन्हा एकदा म्हणाले.

घरी आल्यावर एक-दोन दिवस बरे गेले. मग सरांना उचक्या सुरू झाल्या.

पुण्यात माजी विद्यार्थ्यांना तोटा नाही आणि सरांचं ऑपरेशन झालंय ही बातमी सगळीकडे पसरलेली. सकाळ-संध्याकाळ कोणी ना कोणी भेटायला. सर व्हरांड्यातल्या खुर्चीत शाल घेऊन बसायचे आणि आलेल्या प्रत्येकाला ऑपरेशन किती सफाईनं झालं ते सांगायचे. मधेच उचकी लागली की म्हणायचे, "तुमच्यापैकीच कोणीतरी आठवण काढतंय. आख्खी बॅच दिसते." लोक हसायचे. मीही पहिल्यांदा हसलो. पण उचक्या बसेचनात. पाणी पिऊन नाही, साखर खाऊन नाही. दुसऱ्या दिवशी कामावर निघताना बघितलं तर नाश्त्याची बशी तशीच होती, आणि शालीच्या आत पोट मला मोठं वाटलं.

मी विचारलं, दुखतंय का. "बसून बसून अंग आखडलंय." ताप आहे का. "ऊन आहे." जेवला का नाहीत. "लोकांनी मोसंब्यांचा ढीग आणून टाकलाय, भूक कशी लागेल?" प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं आणि एकाही उत्तरात माहिती नव्हती. मी हात लावून बघायला गेलो तर त्यांनी शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि म्हणाले की वऱ्हाडातली माणसं फार हळवी असतात असं ऐकून होतो, आता खात्री झाली.

डॉक्टर रोज न चुकता फोन करायचे. तो संवाद मी समोर बसून ऐकलेला आहे आणि आजही आठवला की माझं डोकं फिरतं. पलीकडून, कसं वाटतंय सर? इकडून, उत्तम. ताप वगैरे? छे. पोट? उत्तम. बरं सर, ठेवतो सर. एवढ्या मोठ्या पदावरचा माणूस, रोज कितीतरी पोटं तपासणारा, पण समोरून सर "उत्तम" म्हणाले की त्याचा दहावीतला पोरगा व्हायचा. पुढचा प्रश्न विचारायची त्याची छाती नव्हती. मी फोन मागितला तर सरांनी बंद करून खिशात टाकला.

त्या दिवशी मी कामावर न जाता घरीच थांबलो. दुपारी काकू वाटीत गोडाचा शिरा घेऊन जिना चढून वर आल्या. त्यांचे गुडघे दुखतात, त्या कधी वर यायच्या नाहीत. वाटी माझ्या हातात न देता त्या दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, शिरा देऊन येते असं सांगून आलेय त्यांना. मग रडायलाच लागल्या. काल सकाळपासून ताप होता. हुडहुडी भरून येत होता. त्या सरांच्या सांगण्यावरून तापाच्या गोळ्या देत होत्या, भेटायला लोक येण्याच्या वेळा धरून देत होत्या, म्हणजे लोकांसमोर ताप उतरलेला असावा. कोणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती.

मी म्हटलं, पण का, काकू? कशासाठी?

"ते म्हणतात, त्या मुलाचं नाव खराब होईल. एवढा पुढं गेलाय, आणि लोक म्हणतील, स्वतःच्या सरांचं ऑपरेशन बिघडवलं."

मला आधी खरंच वाटेना. मग वाटलं, न वाटायला काय झालं? याच माणसानं गळक्या नळाखाली बादली ठेवून नळ उत्तम आहे असं मला वर्षानुवर्षं ऐकवलं होतं. या खेपेला गळती त्यांच्या पोटात होती, एवढाच फरक. इतका संताप मला माझ्या सख्ख्या बापाचाही कधी आला नव्हता. मी काकूंसमोरच डॉक्टरांना फोन लावला. ताप, हुडहुडी, उचक्या, पोट, सगळं सांगितलं. मग डॉक्टर एवढंच म्हणाले की अँब्युलन्सची वाट बघू नका, गाडीत घाला आणि या, मी खाली उभा राहतो.

गाडीत सर मागच्या सीटवर काकूंना टेकून बसले होते, ओठ कोरडे पडलेले, श्वास धावल्यासारखा. तशाही अवस्थेत ते माझ्याशी भांडत होते. चुगली केलीत, म्हणाले. आमच्या वर्गात चुगली करणाऱ्याला मी कधी थारा दिला नाही. मी आरशात बघून म्हटलं, सर, सिग्नल सुटेपर्यंत गप्प बसा, नाहीतर वर्ग भरवायला कोणी उरणार नाही. ते गप्प बसले. मी त्यांच्याशी वरच्या आवाजात बोललो ती एकच वेळ, आणि तिचा मला अजिबात पश्चात्ताप नाही.

जोड गळलाच होता. पोटात पू झाला होता आणि विष रक्तात उतरायला लागलं होतं. त्याच संध्याकाळी पुन्हा पोट उघडलं, आतून धुऊन काढलं, आतड्याचं टोक पोटावर आणून तिथं पिशवी लावली. मग आयसीयू, व्हेंटिलेटर, मूत्रपिंडांचं काहीतरी, फुप्फुसांचं काहीतरी. काकू आयसीयूबाहेरच्या बाकावर बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, मी गोळ्या दिल्या हो. त्यांना गप्प करता करता माझ्या नाकी नऊ आले. सर वाचले. कसे वाचले ते डॉक्टरांनाच माहीत.

खोलीत आणल्यावर बोलण्याइतकी ताकद आली तेव्हा त्यांनी डॉक्टरांना सांगितलेलं पहिलं वाक्य होतं, "तुझं काम उत्तम होतं. शरीर माझं जुनं आहे."

डॉक्टर पलंगापाशी उभे होते. त्या दिवशी ते सरांच्या "बस"ची वाट न बघता खुर्ची ओढून बसले.

"सर, जोड गळणं माझ्या हातात नसतं. माझा गळतो, माझ्याहून चांगल्या सर्जनचाही गळतो. गळला हे वेळेवर कळणं, तेवढंच आमच्या हातात असतं. ते तुम्ही माझ्याकडून काढून घेतलंत."

मग डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की त्यांच्या विभागात दर महिन्याला एक बैठक होते. ऑपरेशननंतर ज्यांचं काही बिघडलं, त्या प्रत्येकाची कथा ज्यानं ऑपरेशन केलं त्यानंच सगळ्यांसमोर उभं राहून सांगायची. कुठं चुकलं, कधी कळलं, आधी कळलं असतं का. ज्युनियरपासून सगळे प्रश्न विचारतात. सरांचा यावर विश्वास बसेना. सगळ्यांसमोर? त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. आणि तुझी इज्जत? डॉक्टर म्हणाले की नावाचं काय व्हायचं ते होवो, पुढचा पेशंट वाचतो. आणि ही पद्धत आपण तुमच्याच वर्गात फळ्यापाशी उभे राहून शिकलो.

यावर दुसरा कोणी असता तर विरघळला असता. सरांनी हट्ट धरला की मला त्या बैठकीला यायचंय.

पेशंटला अशा बैठकीत कोणी नेत नाही. डॉक्टरांनी नियम सांगितला, मी विनवलं, काकूंनी हात जोडले. पण सर म्हणाले, "मी हजर राहणार," आणि डॉक्टर "हो सर" म्हणाले. या "हो सर"नं आमचा पुरेसा घात केलेला असताना ते पुन्हा ऐकून मी बाहेर जाऊन दोन चहा प्यायलो. पुढच्या महिन्यात इस्त्रीचा शर्ट, त्याच्या आत पोटावरची पिशवी, हातात काठी, अशा थाटात सर हॉस्पिटलच्या सभागृहात मागच्या रांगेत जाऊन बसले. शेजारी मी, पिशवीची काळजी घ्यायला.

डॉक्टरांनी पडद्यावर सगळं मांडलं. मला वाटलं होतं, उशीर का झाला या मुद्द्यावर येतील तेव्हा ते म्हणतील की पेशंटनं लक्षणं लपवली. खरं तेच होतं. पण डॉक्टर म्हणाले की उशीर त्यांच्यामुळं झाला. पेशंट त्यांचे शिक्षक होते. दुसरा कोणी फोनवर रोज "उत्तम" म्हणाला असता तर त्यांना शंका आली असती, त्यांनी बोलावून पोटाला हात लावून बघितला असता. सरांचं बोलणं खोटं असेल असा विचार करण्याची त्यांना लाज वाटली.

हे ऐकल्यावर सर काठी टेकत उठले. सगळ्या माना मागे वळल्या.

"यात चूक आहे," सर म्हणाले. "मी खोटं बोललो. सिद्धता तिथंच चुकली. तुम्ही सगळे ऐका. पेशंट म्हातारा असो, शिकलेला असो, तुमच्या ओळखीचा असो, तो खोटं बोलतो. त्याच्या तोंडाकडे बघू नका, पोटाला हात लावा."

आणि मग, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, दोघांच्यात वाद सुरू झाला. चूक माझी, नाही माझी. ज्युनियर पोरं तोंडावर हात धरून बसलेली. मला दोघांच्याही टाळक्यात ती काठी घालावीशी वाटली. एक जण आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या चुका झाकत आला आणि दुसरा आता शिक्षकाची झाकायला निघाला होता, आणि या सगळ्या सभ्यतेपायी एक जोड दोन दिवस पोटात गळत राहिला होता.

केमो वेळेवर सुरू झालीच नाही. पोटावरची जखम भरेना, वजन एवढं उतरलं की शर्टाची कॉलर मानेभोवती फिरायची. केमोच्या डॉक्टर म्हणाल्या, एवढ्या अशक्त माणसाला देऊ शकत नाही, थांबू. थांबलो. शेवटी सुरू केली तेव्हा ती झेपली नाही आणि अर्ध्यातच सोडावी लागली. या काळात सर मात्र इतके बदलले की त्याचाही वैताग यावा. भेटायला आलेल्या विद्यार्थ्यांना पोट उघडून पिशवी दाखवायचे आणि काय काय लपवलं ते क्रमानं सांगायचे. जरा डोकं दुखलं की डॉक्टरांना फोन. दुपारची ढेकर आंबट होती, हेही कळवायचे. नळाचं सांगायचं राहिलंच: मी एकदा विचारलं, आता तरी प्लंबरला बोलावू का? तर म्हणाले, "त्याला बोलवा आणि माझ्यासमोर उभा करा." तो आला, बिचारा घाबरत आला, आणि दहा मिनिटांत नळ दुरुस्त करून गेला.

पुढच्या वर्षीच्या तपासणीत यकृतावर डाग दिसले.

स्कॅनचा रिपोर्ट आला तेव्हा सर आणि काकू गाडीत बसले होते आणि मी डॉक्टरांबरोबर पोर्चमध्ये उभा होतो. मी त्यांना सरळ विचारलं की ते दोन दिवस गेले नसते तर हे टळलं असतं का. त्यांनी हातातला रिपोर्ट पुन्हा उघडून बघितला. मग म्हणाले की एका माणसाबद्दल छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. पण अशी गुंतागुंत उशिरा सापडलेल्या आणि केमो हुकलेल्या लोकांचं पुढं काय होतं, ते आम्ही वर्षानुवर्षं बघतोय. वेळेवर कळलं असतं तर सर महिन्याभरात केमोला उभे राहिले असते. "फरक पडला असता," ते म्हणाले. "मला तरी वाटतं, पडला असता." मला त्यांचा राग आला, सरांचा आला, आणि ज्यांनी कोणी या लोकांना एवढा आदर करायला शिकवलं त्या सगळ्यांचा आला.

त्यानंतर उपचार फक्त त्रास कमी करण्याचे राहिले. डॉक्टर रविवारी सकाळी घरी यायला लागले. फोनवर त्यांचा आता विश्वास नव्हता. येऊन आधी पोट तपासायचे, पाय दाबून सूज बघायचे, मग बोलायचे. सरही निमूटपणे तपासू द्यायचे.

अशाच एका रविवारी सर पुढच्या खोलीतल्या पलंगावर होते. अंगावर मांस राहिलं नव्हतं, पण दाढी केलेली होती. काकू पायांपाशी बसल्या होत्या. डॉक्टरांनी तपासून शर्टाची बटणं लावून दिली, तेव्हा सरांनी विचारलं. आवाज वर्गातला होता, फक्त हळू.

"त्या आठवड्यात हिनं मला गोळ्या दिल्या नसत्या, आणि मी तुला पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर आज मी या पलंगावर असतो का?"

काकूंचा हात सरांच्या पायावर होता तिथंच थांबला. मी डॉक्टरांकडे बघितलं. पोर्चमध्ये ते काय म्हणाले होते ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांनी काकूंकडे एकदा बघितलं.

"काही फरक पडला नसता, सर," ते म्हणाले. "आजारच तसा होता. हे असंच होणार होतं."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि कितीतरी महिन्यांनी नीट श्वास घेतल्यासारखा श्वास घेतला. सर जन्मभर पोरांची खोटी कारणं ऐकत आलेले. मान डावीकडे कलती करून ते डॉक्टरांकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता उभं करतात त्याला, आता वाचून दाखवायला लावतात.

"बरं," सर म्हणाले. मग काकूंना त्यांनी चहा टाकायला सांगितलं, आणि त्या आत गेल्यावर डॉक्टरांना म्हणाले, "चहा घे आणि जा. तुझे पेशंट खोळंबले असतील. त्यांना मात्र खरं सांगत जा."

डॉक्टर "हो सर" म्हणाले. चहा आला, पिऊन झाला, तरी ते उठले नाहीत.